माता गटाच्या सतरंजीवर

महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मेळावे भरतात. पहिलीत येणारे मूल एकेका टेबलावर रंग ओळखते, वस्तू मोजते, चित्र बघून बोलते. शेवटी पालकांना मार्गदर्शन, आणि पुढे वस्तीत माता गट. कल्पना चांगली आहे. डाळीतले खडे वेचणे, भाकरी मोजणे हाही गणिताचा पाया आहे, हे कधी शाळेत न गेलेल्या आईला शाळेनेच सांगावे, याचे मोल मोठे आहे.

पण सभा सकाळी अकराला ठेवली की खुरपणीला जाणारी बाई येणार कशी? आली तर रोज बुडतो, नाही आली तर ‘पालक उदासीन’ हा शेरा. या शेऱ्याला जात असते. माझ्या आईलाही तो मिळाला होता; तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही आला असेल.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २१ सांगते की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा हवी. म्हणजे सभेची वेळ ठरवणाऱ्यांतही ती बाई बसू शकते. मुलाचा अभ्यास कसा घ्यावा हे तिला सांगताना, त्याच सतरंजीवर हे कलमही वाचून दाखवा.

आणि आपण पदवीधर? जूनमध्ये गावी गेलात तर समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, तेवढे शाळेत विचारून या.