आधी जागा ठरवा, मग यंत्र

धाकटी लेक डिप्लोमाला पुण्याला गेली आणि घरात संध्याकाळी आम्ही दोघंच उरलो. शाळा सुटल्यावर वह्या तपासायच्या, मगरिबनंतर चहा घ्यायचा, मग दोघांचे दोन मोबाईल. अशाच एका संध्याकाळी बायकोने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. इंग्लंडातलं एक म्हातारं जोडपं, पायात गमबूट, हातात लांब दांडीचं यंत्र, कापणी झालेल्या शेतातून हळूहळू चाललेलं. मध्येच यंत्र किणकिणतं, आजोबा वाकतात, आजी खुरपं पुढे करतात. निघतं काय, तर एक गंजलेलं बटण. दोघं त्या बटणाकडे पाच मिनिटं बघत बसतात.

"आपण असं काहीतरी करूया का?" बायको म्हणाली.

मला आधी हसूच आलं. मेटल डिटेक्टर म्हटलं की मला देवळाच्या, मॉलच्या, स्टेशनच्या दारातली ती चौकट आठवते. आपण तिच्यातून जायचं, पिशवी उघडून दाखवायची, नाव सांगितल्यावर कधीकधी पिशवी पुन्हा एकदा उघडून दाखवायची. हे यंत्र आपल्या हातात असू शकतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण तिच्या मनात वेगळंच होतं. गेल्या वर्षी साडूभाऊंच्या रानात उसाची लागण चालू असताना तिच्या कानातलं सोन्याचं फूल पडलं. आईने लग्नात घातलेलं. तीन दिवस सऱ्या चाळल्या, हाती काही लागलं नाही. वर ऊस आला, तुटला, आता खोडवा उभा आहे. फूल तिथेच कुठेतरी आहे.

म्हणून आम्ही यंत्र बघायला लागलो. कोणीही नवखा करतो तीच चूक आम्ही केली. आठ दिवस एकच प्रश्न, कुठलं चांगलं? अमेरिकेचं गॅरेट, ऑस्ट्रेलियाचं मिनलॅब, तुर्कस्तानचं नोक्ता. (तुर्की म्हटल्यावर अम्मीने लगेच तेच घ्या म्हणून सांगितलं. अम्मी सध्या तुर्की मालिका बघते.) जाहिरातीत प्रत्येकजण सगळ्यात खोल जाणारा. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला बरी माती असेल तर वीतभर खोलीपर्यंत कळते. 'दहा फूट खोल सोनं दाखवणारं' म्हणून जे विकतात, ते तुमचा लोभ किती खोल आहे तेवढंच मोजतात.

यंत्राचं तत्त्व शाळेतलंच आहे. तबकडीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल तर त्याच्यात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र तबकडीला परत जाणवतं. ते परत यायला किती रेंगाळलं यावरून यंत्र ठरवतं की हे लोखंड, तांबं की चांदी. टेलिफोनवाल्या बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अशाच तत्त्वावरचं यंत्र नेलं होतं आणि पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला. पलंगाची स्प्रिंग आणि गोळी यातला फरक यंत्राला कळत नाही, तो माणसालाच बघावा लागतो. हे आजही तसंच आहे.

आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट, कारण इंग्लंडातले व्हिडिओ इथे उपयोगाचे नाहीत. आपला खडक बसाल्ट, आणि पश्चिमेला पन्हाळा-राधानगरीकडे जांभा. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अर्धी जमीनच धातू आहे. स्वस्त यंत्र अशा मातीवर धरलं की ते नुसतं बडबडतं, नाहीतर घाबरून गप्प बसतं. म्हणून आपल्याकडे पहिलं यंत्र घेताना एकच गोष्ट अडून मागावी, 'ग्राउंड बॅलन्स' स्वतः जुळवता येतो का. मातीचा आवाज यंत्राला शिकवायचा आणि तेवढा वजा करायला सांगायचं, असा तो प्रकार. कंपनीने कायमचा ठरवून दिलेला बॅलन्स असेल तर ते यंत्र परत ठेवा. तबकडी 'डबल डी' घडणीची घ्या, ती अशा मातीत कमी गोंधळते. पाणी चालणारी तबकडी हवी, कारण आपल्याकडे चार महिने चिखल. वजन दुकानात हातात धरून बघा, आणि दोघं वापरणार असाल तर दोघांनी बघा. दांडी माझ्या उंचीला बरोबर होती आणि बायकोचा खांदा अर्ध्या तासात दुखायला लागला. सोबत पेन्सिलीसारखा छोटा 'पिनपॉइंटर' घ्या, नाहीतर एका खिळ्यासाठी घमेलंभर माती उकराल. इयरफोन तर हवेतच. का, ते पुढे सांगतो.

अंगणात आम्ही प्रयोग केला. रुपयाचं नाणं, खिळा, माझी चांदीची अंगठी, तिचं उरलेलं एक फूल आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट वेगवेगळ्या खोलीवर पुरलं. अंगठी खणखणीत वाजली. रुपयाने मात्र फसवलं. आपलं हल्लीचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं, त्यामुळे परदेशी यंत्र त्याला लोखंडाच्या भंगारात टाकतं. नदीच्या पुलाखाली पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात, ते यामुळेच जमतं. आणि सोन्याचं फूल व औषधाचं पाकीट यांचा आवाज जवळजवळ एक! तेव्हा सोनं शोधायचं तर आधी शंभर पाकिटं उचलायची तयारी हवी. आम्ही दोघं शिक्षक, चुकीची उत्तरं तपासण्यातच आयुष्य गेलेलं. हे जमण्यासारखं वाटलं.

पण यंत्र कुठलं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ते घेऊन जायचं कुठे?

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. गेल्या शतकात चाळीसच्या दशकात तिथे कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात सुरई, आरसा, आणि समुद्राचा देव पोसायडन याची एक मूर्ती. वीतभरही उंच नाही, पण तिची घडण थेट रोमन जगातली. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. खाली सातवाहन काळाची वस्ती, वर बहामनी काळाची. टाऊन हॉलच्या संग्रहालयात मी दरवर्षी मुलांना नेतो. पोसायडनपाशी ती थबकतात, कारण कोल्हापूरला समुद्र नाही. मग मी विचारतो, हा इथे कसा आला? कोकणातली बंदरं, घाटवाट, व्यापारी, सगळं त्या एका मूर्तीतून निघतं.

आता समजा, माझ्यासारख्या हौशी माणसाने तीच मूर्ती यंत्राने शोधून खुरप्याने उपटून काढली असती. मूर्ती तीच राहिली असती. पण ती कुठल्या थरातली, शेजारी काय होतं, घर होतं की भट्टी, हे गेलं असतं. बाजारात तिला 'जुनी परदेशी बाहुली' म्हणाले असते. वस्तूची किंमत धातूत नसून जागेत असते, आणि मेटल डिटेक्टरला फक्त धातू कळतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गडावर, टेकाडावर, पडक्या मशिदीपाशी, जुन्या देवळापाशी, कबरस्तानात यंत्र न्यायचं नाही. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे यंत्र काढणं गुन्ह्याच्या दारात उभं राहणं आहे. आपलं किंवा विचारून घेतलेलं रान, नांगराने आधीच उलथलेला वरचा थर, आणि शोधायचं ते हरवलेलं. पुरलेलं शोधायला निघालात की छंद संपला आणि गुप्तधन सुरू झालं.

गुप्तधनाचं वेड आपल्याकडे किती जुनं आहे, सांगायला नको. त्यापायी इतके अघोरी प्रकार झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली. आणि मार्च २०२५ मध्ये काय झालं? 'छावा' चित्रपट आला आणि आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळ, रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसं शेतं उकरायला लागली. म्हणे मोगलांच्या मोहरा निघतायत. ज्या मोगलांचं नाव पुस्तकातून काढा म्हणतात, त्यांचं सोनं मात्र रात्री उकरून घ्यायचं, हे मला मजेशीर वाटलं. मग भीती वाटली. त्या शेतात पकडलेला माणूस माझ्या नावाचा असता तर त्याला लोभी म्हटलं असतं की आणखी काही?

हा प्रश्न आम्हाला पहिल्याच रविवारी भेटला. साडूभाऊंच्या रानात अर्धा तास झाला नाही तोवर बांधावर चौघं उभे. शेजारच्या रानातले एक मामा म्हणाले, "सर, कायतरी पुरल्यालं हाय म्हणं हितं?" आवाजात गंमत होती, पण बाकीचे तिघं हसत नव्हते. बायकोने सरळ इयरफोन काढून त्यांच्या कानाला लावले. "मामा, माझं कानातलं पडलंय. तुम्हीच शोधा." मामांनी वीस मिनिटं यंत्र फिरवलं. बैलाची पत्री निघाली, तुटक्या खुरप्याचं पातं निघालं, गोळ्यांची तीन पाकिटं निघाली. त्यानंतर मामाच दुसऱ्यांना समजावून सांगायला लागले. तेव्हापासून आम्ही उजेडातच जातो, मालकाला बरोबर घेतो, निघालेलं सगळं बांधावर मांडून ठेवतो. इयरफोन यासाठी, की यंत्र दर मिनिटाला वाजलं तर अख्खं गाव गोळा होतं.

आणि खरंच काही जुनं निघालं तर? इथे कायद्याशी माझं भांडण आहे. १८७८ चा निधी कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नाहीतर तुरुंग किंवा दंड. दहा रुपये! तेव्हाचे दहा रुपये मोठे होते, आज त्यात चहाही येत नाही. कायद्यात शोधणाऱ्याला न्यायही आहे. बेवारस ठेव्याचे तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा, आणि सरकारने घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा. पण हे माहीत कोणाला? मी एका कार्यालयात सहज विचारलं, शेतात जुनं नाणं मिळालं तर कोणाला दाखवायचं? समोरच्या माणसाने आवाज खाली केला, "सर, तुम्ही कशाला यात पडता?" त्या एका वाक्यामुळे किती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असतील!

इंग्लंडमध्ये ठेव्याचा नवा कायदा १९९६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी छोट्या शोधांची नोंद करणारी योजना सुरू झाली. वस्तू दाखवा, जागा सांगा, बहुतेक वेळा वस्तू परतही न्या. आपल्याकडे यंत्रं दुकानात मिळतात, छंद येणारच. जिल्ह्याच्या संग्रहालयात महिन्यातला एक दिवस असा ठेवला की शेतकरी, गवंडी, जेसीबीवाला न घाबरता वस्तू दाखवू शकेल, तर कितीतरी ब्रह्मपुऱ्या कळतील.

आपल्या फिकहमध्येही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. सापडलेली हरवलेली वस्तू म्हणजे लुक्ता, ती वर्षभर जाहीर करून मालक शोधायचा. जमिनीतला प्राचीन बेवारस ठेवा म्हणजे रिकाज, त्यातला पाचवा हिस्सा बैतुलमालचा. म्हणजे 'मला सापडलं म्हणून माझं' हे दोन्हीकडे चालत नाही. मदरशात हे पाठ करताना वाटायचं, याचा आयुष्यात काय उपयोग!

बायकोचं फूल अजून मिळालेलं नाही. खोडवा तुटल्यावर पुन्हा बघू. पण परवा रात्री साडूभाऊंचा फोन आला. मामांच्या सुनेचं चांदीचं जोडवं भांगलताना पडलंय, आणि मामांनी निरोप दिलाय, "सरांना म्हणावं येत्या रविवारी यंत्र घेऊन या, जेवायला हितंच थांबा."