लिहून खेळायचा खेळ

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांच्या पात्रांच्या हाती लिहिलेली भाषणे नव्हती. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, कथानक पुढे न्यावयाचे, आणि त्या पदांच्या आधाराने पात्रांनी आपले बोलणे तेथल्या तेथे रचावयाचे, असा त्या खेळाचा रिवाज होता. दक्षिण कोकणातील आणि गोमंतकातील दशावतारी मंडळी आजही याच रीतीने रात्र गाजवितात. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे, एवढे आधी ठरते. पुढचे सारे नट आपल्या बुद्धीवर, ऐकून ठेवलेल्या पुराणांवर आणि समोरच्याने टाकलेल्या शब्दावर तारून नेतात. नाटकाच्या प्रयोगाला आपण आजही ‘खेळ’ म्हणतो, ते उगीच नव्हे.

पाश्चात्त्यांकडे हीच गोष्ट निराळ्या वाटेने आली. प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ सिद्ध केला. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाला द्यावयाचे आणि पंचाने फासे टाकून परिणाम सांगावयाचा, अशी त्याची रचना होती. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि पलटणींच्या जागी एकेक माणूस आणून बसविला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यावयाचे. एकाने सूत्रधार व्हावयाचे. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, “आता तू काय करणार?” जे बोलून ठरत नाही ते वीस पैलूंच्या फाशाने ठरते. येथे एकाने जिंकावे आणि दुसऱ्याने हरावे असे काही नाही. गोष्ट पुढे जावी एवढेच साध्य. हे वाचून कोणा जुन्या नाटकवेड्या बडोदेकरास ‘हे तर आमचेच’ असे वाटले, तर त्यात फारसे चुकले असे मी म्हणणार नाही.

आता हा खेळ एका बैठकीत न खेळता लिहून, एकामागून एक पाळी घेऊन, दूरदूरच्या माणसांनी खेळावयाचा, हीही रीत नवी नव्हे. एडिंबरो आणि लंडन या शहरांनी १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे टपालाने बुद्धिबळाचा सामना खेळला. आपल्या देशात १८२८-२९ साली मद्रास आणि हैदराबाद यांच्यामध्ये असाच सामना झाला, आणि मद्रासच्या बाजूने खेळणारे गुलाम कासीम हे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. अॅलन कॅल्हॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा मुत्सद्देगिरीचा खेळ १९५९ साली बाजारात आला. १९६३ पासून लोक तो पत्रांनी खेळू लागले. सात खेळाडू एका शहरात मिळणे कठीण, परंतु सात टपालपेट्या कोठेही मिळतात, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की गेली दोन वर्षे मी आमच्या कुटुंबात असा एक खेळ चालवीत आहे, आणि तो मनोरंजनापलीकडे काही करतो अशी माझी खात्री झाली आहे. खेळाडू चार. एक पुतण्या टोरांटोस असतो. एक भाची पुण्यास. एक चुलत नात येथेच, बडोद्यात, इंग्रजी शाळेच्या नवव्या इयत्तेत. आणि चौथी माझी आत्या, इंदुरास, वय वर्षे ८४. कॅनडातील घड्याळ आपल्यामागे साडेनऊ-साडेदहा तास; एका वेळी सर्वांनी बसणे अशक्यच. म्हणून लिहून खेळावयाचे ठरले. तिघे मोबाइलवर मजकूर पाठवितात. आत्या पोस्टकार्ड घालते आणि ते मी उतरवून सर्वांस कळवितो.

आख्यानासाठी मी पुराणाकडे गेलो नाही. ते आपल्या गावातच सापडले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळली, आणि संशय थेट मल्हारराव महाराजांवर गेला. दादाभाई नौरोजी त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते. पुढे जानेवारीत महाराजांस अटक झाली, सहा जणांचे कमिशन बसले, विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन बचावासाठी आले, आणि तीन इंग्रज सभासद एका बाजूस तर शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव दुसऱ्या बाजूस अशी कमिशनची दुफळी झाली. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांस गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत करण्यात आले, आणि मे महिन्यात कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. विष कोणी घातले, याचा सर्वमान्य निकाल आजतागायत नाही. खेळाला याहून चांगली भूमी कोठून मिळणार?

पात्रे मात्र सर्व कल्पित. टोरांटोचा पुतण्या रेल्वेच्या तारऑफिसातील नवशिका कारकून झाला. पुण्याच्या भाचीने दिवाण-कचेरीतील एका चिटणिसाच्या मुलाचे सोंग घेतले. स्त्रीपार्टी नटांचे जुने देणे तिने फेडले म्हणावयाचे. नात मांडवीतील गुजराती जवाहिऱ्याची मुलगी झाली आणि तिचे संवाद निम्मे गुजरातीत येतात, जसे ते बडोद्यात यावयासच हवेत. आत्याने मुदपाकखान्यातील एका विधवा स्वयंपाकिणीची भूमिका मागून घेतली.

नियम अनुभवाने ठरत गेले. ज्यांस हा खेळ करून पाहावासा वाटेल त्यांच्यासाठी ते येथे देतो. आठवड्यास एक पाळी. मजकूर दहा-बारा ओळींपेक्षा मोठा नको, कारण लांबलेले भाषण दुसऱ्याचे तोंड बंद करते. दुसऱ्याच्या पात्राने काय केले वा काय मनात आणले ते आपण लिहावयाचे नाही. प्रत्येक मजकुराच्या शेवटी समोरच्यास धरता येईल असा एक धागा सोडावयाचा. जी बातमी एकाच पात्रास कळणे शक्य आहे, ती सूत्रधाराने त्यालाच खासगी पत्राने कळवावयाची. ती दुसऱ्यास सांगावी की लपवावी हा त्याचा प्रश्न. कोणी तीन आठवडे गप्प राहिला, तर त्याचे पात्र सूत्रधाराने आजारी पाडावे, मारू नये. परत येण्यास दार उघडे राहते. लिहून खेळायचे खेळ भांडणाने सहसा मोडत नाहीत. ते मौनाने मरतात.

फाशाचा प्रश्न थोडा नाजूक. फासा एकाच्या घरी पडणार, मग इतरांनी विश्वास कसा ठेवावा? आम्ही असे ठरविले की अमुक दिवशीच्या सेन्सेक्सच्या अखेरच्या आकड्यातील शेवटचा अंक हाच फासा. दिवस आधी जाहीर करावयाचा. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र उघडून प्रत्येकाने आपले दैव वाचावयाचे. शेअरबाजाराने कोणाचे इतके निरुपद्रवी भविष्य क्वचितच ठरविले असेल.

आणि शेवटचा नियम, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: खेळ चालू असताना कोणाचे शुद्धलेखन काढावयाचे नाही. आपल्या घरांतून मुले मराठी बोलतात. परंतु लिहावयाची वेळ आली की रोमन लिपीकडे वळतात किंवा थेट इंग्रजीत शिरतात. याचे कारण आळस नव्हे. पहिल्याच ओळीतील ऱ्हस्वदीर्घ आपण दाखवितो आणि दुसरी ओळ कायमची गमावतो. आमच्या नातीने पहिल्या महिन्यात दोन-दोन ओळी लिहिल्या. आज ती दहा ओळी देवनागरीत लिहिते आणि चुका निम्म्याहून कमी झाल्या आहेत, कारण इतरांचे मजकूर तिला बारकाईने वाचावेच लागतात. त्यांत तिच्या पात्राचा जीव अडकलेला असतो.

खेळाच्या ओघात इतिहासही आपसूक दुरुस्त होतो. भाचीने एकदा आपल्या पात्रास न्यायमंदिरापाशी उभे केले. नातीने लगेच हरकत घेतली की ती इमारत १८९६ ची, १८७४ साली तेथे कोणी कसे उभे राहील? मग लक्ष्मीविलास राजवाडाही बाद झाला, कारण तो १८९० सालचा. उरले सूरसागराचे तळे आणि मांडवी. ज्या रस्त्यांवरून ही मुलगी रोज शाळेत जाते, त्या रस्त्यांतील कोणते आधीचे आणि कोणते मागाहूनचे, हे ती आता चालता चालता सांगते. पाठ्यपुस्तकाने तिच्याकडून हे काम करून घेतले असते असे मला वाटत नाही.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. खेळात एक संशयास्पद पुडी स्वयंपाकिणीच्या हाती येते. तिने ती द्यावी, फेकावी की लपवावी, यावर बाकीच्या तिघांचे सारे अवलंबून. आत्याचे पोस्टकार्ड सहा दिवस आले नाही. पुतण्याने सुचविले की तिच्या वतीने सूत्रधारानेच ठरवून टाकावे. नातीने स्पष्ट नकार दिला. आत्याआजीची पाळी ती आत्याआजीचीच. सातव्या दिवशी कार्ड आले. त्यावर दोनच वाक्ये होती: “पुडी मी एका डब्यात ठेवली आहे. कोणत्या ते जो मला पत्राने विचारील त्यालाच सांगेन.”

परिणाम असा झाला की एका पंधरवड्यात तिघांनीही इंदुरास टपालाने पत्रे धाडली. पुतण्याने वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिले मराठी पत्र हाताने लिहिले. ‘तीर्थरूप’ लिहावे की ‘ती. स्व.’, हे त्याने मला दोनदा विचारले. आत्याने प्रत्येकास उत्तर दिले आणि प्रत्येकास निराळा डबा सांगितला. त्यामुळे आता तिघांनी एकमेकांस विश्वासात घेतल्यावाचून खेळ पुढे सरकणे शक्य नाही. ज्या बाईस सणावारी फोनवर ‘तब्येत कशी आहे’ यापलीकडे कोणी काही विचारीत नव्हते, तिच्या उत्तराची तीन शहरे वाट पाहत होती. तिची दृष्टी आता मंदावत आहे. खेळाचा वेग तिच्या डोळ्यांच्या मानाने ठेवावा, हे मुलांनी आपण होऊन ठरविले.

यावर आक्षेप येतील. जुन्या बडोद्याच्या दुखऱ्या प्रकरणावर खेळ कशाला, असे कोणी विचारील. आपल्यातील कित्येक घराण्यांचे पूर्वज त्या वेळी या ना त्या बाजूस उभे होते. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. म्हणूनच आम्ही कोणत्याही पात्रास खऱ्या घराण्याचे आडनाव देत नाही, ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी शब्द घालीत नाही, आणि ज्या गोष्टीवर सहा जणांच्या कमिशनचे एकमत झाले नाही तिचा निकाल खेळातही लावीत नाही. दुसरा आक्षेप वेळ फुकट जातो हा. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदारांनी ज्या नगरीत बसून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्या नगरीने तरी खेळास रिकामटेकडेपणा म्हणू नये. शरीराच्या व्यायामाइतकीच भाषेच्या व्यायामासही जागा हवी.

मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि नंतर एकदम २०१८ साली. मधल्या ८४ वर्षांत संस्थान गेले, राज्ये बदलली, १९६० साली आपण गुजरातचे नागरिक झालो आणि त्यात सुखाने राहिलो. तथापि संमेलनाच्या मांडवात भाषा तीन दिवस राहते. उरलेले दिवस ती घरात राहावयाची असते. घरातील बोलणे अजून टिकून आहे. लिहिणे मात्र लग्नपत्रिकेपुरते उरत चालले आहे, आणि पत्रिकासुद्धा आता छापखान्यातून तयार नमुन्याने येते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. येत्या दिवाळीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या विखुरलेल्या मंडळींतून चार-पाच जण निवडावेत. त्यांत एक सत्तरीपलीकडचा आणि एक पंधराच्या आतला असावा. घरात ज्यास गोष्ट सांगता येते त्याने सूत्रधार व्हावे. आख्यान आपल्याच गावाचे घ्यावे. खेळ संपला की सर्व मजकूर क्रमाने उतरवून, शिवून, त्याची एक वही करावी. बोर्डन साहेबांच्या देखरेखीखाली सयाजीराव महाराजांच्या वाचनालयांनी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविल्या. आपल्या मराठी संस्थांना अशा वह्यांची एक पेटी घरोघर फिरविणे अवघड जाऊ नये. पहिली वही आमच्या घरून येईल. मात्र ती पुडी कोणत्या डब्यात आहे, ते आधी इंदुराहून कळावयाचे आहे.