आधी वाशिष्ठीला वाट द्या, मग भिंती बांधा

चिपळूणकर बंधू-भगिनींनो,

२२ जुलै २०२१. माझ्या दुकानातलं पाणी ओसरलं तेव्हा उधारीच्या वह्यांचा चिखलात एकच गठ्ठा झाला होता. पान सुटत नव्हतं. भिंतीवरची पाण्याची रेघ मी मुद्दाम रंगाने झाकलेली नाही. तिच्याखाली, हातभर अंतरावर, २६ जुलै २००५ ची जुनी रेघ आहे. सोळा वर्षांत दोनदा संसार धुऊन निघाला. म्हणून पूरसंरक्षणाच्या आराखड्यावर बोलायचा आपला हक्क आहे.

पूर म्हटला की पहिली मागणी होते ती संरक्षक भिंतीची. भिंत डोळ्यांना दिसते आणि तिचं भूमिपूजनही करता येतं. पण शहराच्या पोटातून येणारी शीव नदी वाशिष्ठीलाच मिळते. वाशिष्ठी तुडुंब असली की शीव मागे फुगते आणि गटारं उलटी वाहतात. म्हणजे भिंत बाहेरचं पाणी अडवेल, पण आतलं कोंडून ठेवेल. तिला दारं ठेवणार असाल तर ती रात्री दोन वाजता कोण बंद करणार? आतलं पाणी उपसणारे पंप कुठे बसणार? ते विजेवर असतील तर पुरात वीज आधी जाते, हे आपण भोगलं आहे. आराखड्यात ही उत्तरं नसतील, तर ती भिंत आपल्याला नको.

नदीचं दुखणं बाजारपुलापाशी सुरू होत नाही. सह्याद्रीचे उतार बोडके झाले, तिथली माती पऱ्यांतून पात्रात आली, जुवाडं, म्हणजे पात्रातली बेटं, वाढली, तळ वर आला. कोयनेचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला येतं आणि वीज करून कोळकेवाडीहून याच नदीत पडतं. खाली दाभोळ खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते. मुसळधार पाऊस, वरून सोडलेलं पाणी आणि उधाणाची भरती या तिन्ही गोष्टी एका वेळी आल्या तर काय, हा हिशेब ज्या कागदावर नाही त्याला चिपळूणचा आराखडा म्हणता येणार नाही. वरून पाणी सोडण्याआधी किती तास आधी भोंगा वाजेल, तेही त्याच कागदावर हवं.

गाळाचं तर आपल्याला पाठ आहे. २०२१ च्या पुरानंतर लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे यंत्रं जोमाने पात्रात उतरली. पण गाळ एकदा काढून भागत नाही, दर पावसाला नवा येतो. दरवर्षीचा निधी आणि गाळ टाकायची जागा आधी ठरवा. काठावर रचलेला गाळ पहिल्या पुरात परत नदीत जातो. सखल जागेत टाकला तर पाण्याने पसरायचं कुठे? आणि हे आपल्यालाही लागू आहे. आपणच भराव टाकून नाले अरुंद केले असतील, तर तेही मोकळे करावे लागतील.

पूररेषाही या गाळाशीच जोडलेली आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गाळाने भरलेल्या पात्रावर रेषा आखली तर निम्मं गाव तिच्यात जाणार आणि तिथल्या बांधकामाच्या निर्बंधांमुळे घरदुरुस्तीलाही माणूस महाग होणार. पात्र मोकळं करा, पुन्हा मोजा, मग रेषा मारा.

आराखडा मराठीत, नकाशासह, प्रत्येक प्रभागात लावला जावा. खेंड, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडीतल्या लोकांना पाणी कुठून आधी शिरतं हे ठाऊक आहे. निविदा निघण्याआधी त्यांना विचारा.

आणि तुम्ही एक काम आजच करा. टेप घ्या, आपल्या भिंतीवरची २०२१ ची खूण जमिनीपासून मोजा, पत्त्यासह कागदावर लिहा आणि नगर परिषदेत देऊन पोच घ्या. घराला रंग द्यायचा असेल, तर आधी मोजा.

— बाजारपेठेतला एक पूरग्रस्त दुकानदार