आरसा जवळचा बरा!

परवा वीकेंडला फुलंब्रीला आत्याकडे गेले. संभाजीनगरहून बसनं जेमतेम तासाभराचा रस्ता. पोचले तर आतेभावाचा चेहरा पार पडलेला. सोमवारी बीसीएचं प्रोजेक्ट सबमिट करायचं, लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स टाकलेलं आणि लागणारी पॅकेजेस रात्रभर उतरतच होती.

"ताई, गावात नेटच असलं. उद्या सकाळच्या एसटीनं तुझ्या रूमवर येतो."

मी हो म्हणणारच होते. पण शेजारी आत्याच्या मोबाइलवर सीरियल तर झकास चालली होती! मग घोडं पेंड कुठं खातंय? सेटिंगमध्ये पाहिलं, तर सगळा माल थेट युरोपातल्या सर्व्हरवरून येत होता. यादीतून भारतातला एक सर्व्हर निवडला. चहाचा दुसरा कप संपेस्तोवर काम फत्ते!

तर मंडळी, याला म्हणतात मिरर. फंडा सिंपल आहे. साबणाची वडी हवी म्हणून कुणी कारखान्यात जात नाही, तीच वडी गल्लीतल्या किराणा दुकानात मिळते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या लिनक्सच्या हुबेहूब प्रती जगभरातली विद्यापीठं आणि कंपन्या आपल्या सर्व्हरवर ठेवतात. आपल्याकडे आयआयटी कानपूर, आयआयटी मद्रास यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय. डेबियनचं मूळ भांडार दिवसातून ४ वेळा ताजं होतं. मिररवाले दर वेळी सगळं नव्यानं उतरवत नाहीत, 'आरसिंक' नावाच्या प्रोग्रॅमनं फक्त बदललेलं तेवढं उचलतात.

पण मधल्या दुकानदारानं भेसळ केली तर? त्याचीही सोय आहे. पॅकेजेसच्या यादीवर मूळ प्रकल्पाची डिजिटल सही असते आणि प्रत्येक फाइलचा चेकसम त्या यादीशी ताडून पाहिला जातो. एक अक्षर बदललं तरी तुमचा कॉम्प्युटर ती फाइल नाकारतो. म्हणजे भरवसा दुकानदारावर नाही, सीलवर!

आणि गंमत म्हणजे, या दुकानात गिऱ्हाइकाला बिल येत नाही. जागा, वीज, बँडविड्थ, सगळं मिरर चालवणाऱ्याच्या खिशातून.

भावाचं प्रोजेक्ट रविवारीच झालं. त्याचं "गावात नेटच असलं" मात्र मला टोचत राहिलं. नेटचा काही दोष नव्हता, माल लांबून येत होता इतकंच. आणि आम्ही दोघांनीही आधी गावालाच नाव ठेवलं.

तुमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये काही टेराबाइट मोकळे पडलेत? सोमवारी आयटीवाल्याला एक कटिंग पाजा आणि विचारून बघा, आपणही एक आरसा लावायचा का?