परिपाठातला देव कोणाचा?

विषय छोटा आहे, पण रोज सकाळी आपल्यासमोर येतो. परिपाठात प्रार्थना सुरू होते. सगळी मुलं हात जोडून म्हणत असतात आणि एखादं मूल ओठ मिटून उभं असतं. "काय रे, पाठ नाही का?" असं आपण चटकन विचारतो. बऱ्याचदा पाठ असते. त्यातला एखादा शब्द त्याच्या घरचा नसतो, एवढंच.

मुस्लीम घरातलं मूल मूर्तीचं वर्णन असलेल्या ओळीशी अडखळू शकतं. बौद्ध घरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेतल्या २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात. त्या घरातल्या मुलाला देवाकडे मागणं मागताना अवघड वाटलं, तर नवल काय? साने गुरुजींची प्रार्थना कुठल्याच धर्माचं नाव घेत नाही, म्हणून ती आपल्याला सर्वांची वाटते. पण ईश्वर तिच्यातही गृहीत आहेच. काही घरांत देवच मानत नाहीत.

मग प्रार्थना बंदच करायची का? मला तसं वाटत नाही. देवाधर्माचे शब्द वगळले तर संतसाहित्य शिकवायचं कसं? शब्द राहू द्यावेत, सक्ती काढावी.

आपल्या भाषेत हे नवीन नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ख्रिस्ती स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा इथल्या लोकांचा शब्द घेतला. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) जुनी नावं बाजूला ठेवून 'निर्मिक' म्हटलं. एकाने असलेला शब्द आपलासा केला, दुसऱ्याने वेगळा निवडला. दोघांनाही तो हक्क होता. आपल्या चौथीतल्या मुलालाही तो आहे.

राज्यघटनाही हेच सांगते. कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

वर्गात काय करता येईल? शांत उभं राहणं हाही सहभाग धरावा. हात जोडले नाहीत म्हणून सगळ्यांसमोर टोकू नये. आठवड्यातून एक दिवस प्रार्थनेऐवजी दोन मिनिटं मौन ठेवावं. आणि भाषेच्या तासाला सरळ विचारावं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" देव, अल्लाह, प्रभू, धम्म, निसर्ग... फळा भरून जाईल बघा!

पालकांनाही एक विनंती. दुसऱ्याची प्रार्थना ऐकल्याने आपलं मूल बाटत नाही, हे त्याला घरी सांगा. आणि एखादा शब्द त्याला म्हणवत नसेल, तर शाळेत येऊन मोकळेपणाने बोला. आम्ही ऐकू. ऐकायलाच हवं.

मनात नसलेला शब्द मोठ्याने म्हणायला लावला, तर मूल भक्ती शिकत नाही, फक्त सर बघतायत म्हणून ओठ हलवायला शिकतं.