"मावशी, जरा हात धुऊन या"

रेशनच्या दुकानात मावशींनी चौथ्यांदा अंगठा लावला, तरी मशीनने नाहीच म्हटलं. मग अंगठा पदराला पुसून झाला, तेल लागावं म्हणून केसांवरून फिरवून झाला, दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून लावून झाली. मागे रांग खोळंबलेली. दुकानदार तसा वाईट माणूस नाही, पण तोही वैतागला होता. म्हणाला, "मावशी, जरा हात स्वच्छ धुऊन या ना."

मावशी सकाळी साडेसहापासून सहा घरची भांडी आणि दोन घरचं धुणं उरकून आल्या होत्या. त्यांच्याइतके धुतलेले हात त्या रांगेत दुसऱ्या कुणाचे नव्हते.

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये घरकामगार बायकांच्या गटांबरोबर मी काम करते. आमच्याकडे "अंगठा गेला" हा शब्दच पडून गेलाय. "हिचा गेल्या वर्षी गेला, माझा औंदा गेला," असं बायका दाढ पडल्यासारखं सांगतात. आणि आम्ही कार्यकर्त्या काय करतो? तहसील कचेरीला अर्ज लिहितो, आणि विषय म्हणून घालतो : 'तांत्रिक अडचणीबाबत'. मीही असे कितीतरी अर्ज लिहिले. त्या दिवशी मावशींचा हात हातात घेऊन पाहिला, आणि घरी येताना त्या शब्दाची लाज वाटली. मशीनमध्ये बिघाड नव्हता. अंगठ्यावरची कातडीच कामाने झिजली होती.

म्हणून पुढच्या बैठकीत विषय ठेवला, कातडी. गर्भाशयाचे, पाळीचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षं लावत आलो. कातडीचा पहिल्यांदाच लावला. जे तिथे बोललो ते इथेही थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं म्हणणं कळणार नाही.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा भाग म्हणजे बाह्यत्वचा. पापणीवर ती मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी, तळहात-तळपायांवर दीड मिलिमीटरपर्यंत जाड. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. खालच्या थरातून जे झिरपेल त्यावर तिची गुजराण. अगदी तळाशी नव्या पेशी जन्मतात. खालून नव्या रेटतात तशा त्या वर सरकतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, आणि वर पोचेपर्यंत मरून जातात. हा प्रवास साधारण महिन्याभराचा. वर पोचलेल्या मेलेल्या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात, विटांसारख्या, आणि मधल्या फटी चरबीसारख्या पदार्थांनी लिंपलेल्या असतात. आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायचं काम या लिंपणाचं.

"म्हणजे दिसते ती मेलेलीच?" एकीने विचारलं. हो, मेलेलीच. "बरंय की. मेल्यावर पण कामाला लावलंय." सगळ्या हसल्या.

आता भांडी घासताना काय होतं पाहा. साबणाचं, पावडरचं कामच मुळी चरबी काढायचं. त्याला ताटावरचं तूप कुठलं आणि बोटांवरचं लिंपण कुठलं, हा फरक कळत नाही. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो, तर साबण चांगलाच खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी. शिवाय तळहातावर तेलग्रंथी नसतात. बाकीच्या अंगाला निदान स्वतःचं तेल मिळतं, तळव्याला तेही नाही. लिंपण गेलं की विटा मोकळ्या होतात. पाणी आत शिरतं, कातडी पांढरी पडून फुगते, वाळली की आकसून फुटते. त्या भेगांतून पावडर खाली जाते, आग होते, खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. वरून तारेची घासणी आहेच. (पूर्वी राखेने घासायचो तेव्हा बरं होतं, असं काही जणी म्हणाल्या. मला नाही वाटत. राखही अल्कधर्मीच.)

शरीर मुकाट्याने नवी कातडी करत राहतं. पण त्याला वेळ लागतो, आणि महिन्याला जेमतेम दोन सुट्ट्या मिळणाऱ्या बाईकडे नेमकी तीच गोष्ट नसते. अर्धी भरलेली भेग घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बेसिनपाशी उभी.

ठशांचं काय होतं? बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात. त्यांची मूळ नक्षी बाह्यत्वचा आणि तिच्या खालचा थर जिथे जुळतात तिथे असते. वरचे कंगोरे झिजले तरी नक्षी पुसली जात नाही. हाताला पुरेशी उसंत मिळाली तर ती पुन्हा वर उमटते. पण रेशन दुकानातलं साधं मशीन वाचतं ते वरचे कंगोरे. मावशींची ओळख हरवलेली नाही, ती खाली शाबूत आहे. वरची झीज भरून यायला लागणारी सुट्टी मात्र त्यांना कुणी देत नाही.

इथे मला आपल्या चळवळीविषयी थोडं बोलायचंय. कातडीवर आपण बोललो नाही असं नाही. पण बोललो ते रंगावर. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली नुसतं नाव बदललं, तेव्हाही आपण लेख लिहिले, आणि ते लिहायलाच हवे होते. रंग देणाऱ्या पेशींची संख्या काळ्या-गोऱ्या सगळ्यांत जवळपास सारखीच असते, फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कसं रंगद्रव्य करतात त्याने, हे मुलींना सांगायलाच हवं. पण आपली कातडीची चर्चा चेहऱ्यापाशी सुरू झाली आणि चेहऱ्यापाशीच संपली. हातापर्यंत आली नाही. आपल्यापैकी बहुतेकींचे हात शाबूत आहेत, हे त्याचं कारण असेल का? मी एम.एस.डब्ल्यू. करत असताना आम्हाला खाणकामगारांची फुप्फुसं शिकवली, गिरणी कामगारांचे कान शिकवले. भांडी घासणाऱ्या बाईचा हात कुठल्याच पेपरात नव्हता, आणि मीही कधी विचारलं नाही.

कायद्याला हात अगदीच दिसत नाही असं नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत रसायनं आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह घातला होता. त्या कायद्याची जागा आता २०२०च्या श्रमसंहितेने घेतली. पण कुणाचं घर तेव्हाही कारखान्यात मोडत नव्हतं आणि आताही नाही. जर्मनीत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात पाण्यात राहत असतील तर ते 'ओलं काम' धरतात आणि मालकावर काळजी घेण्याची जबाबदारी येते. आमच्या गटातल्या बायकांचे दोन तास सकाळी साडेआठलाच भरतात! आपल्याकडे २००८मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणीसाठी आपण पायपीट केली. पण कामाने होणारा आजार म्हणून हाताची नोंद कुठेच नाही. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे काजूची बी फोडणाऱ्या बायका टरफलातल्या जहाल तेलाने कातडी जळू नये म्हणून हाताला तेल चोपडून बसतात. तिथेही बचाव बाईनेच करायचा, स्वतःच्या पदरच्या तेलाने.

एक कबुली देते. माझ्याकडेही एक ताई भांड्यांना येतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना रबरी हातमोजे आणून दिले आणि स्वतःवर खूश झाले. महिन्याने पाहिलं तर मोजे खिळ्याला टांगलेले. मी जरा उपदेशाच्या सुरात विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, हातातून काच सटकते. फुटली तर तुम्ही काही म्हणणार नाही, बाकीच्या पाच घरी पैसे कापतील. आणि आत घाम येऊन हात आणखी उकडतो." खरं होतं त्यांचं. जर्मनीच्या त्या नियमातही पूर्वी मोजे घातलेला वेळ ओल्या कामातच मोजत. आत सुती मोजे घालावे लागतात, मधून मधून काढून हात वाळवावा लागतो. म्हणजे परत वेळच. आणि ज्या घरांत हातमोजे मिळतात, त्यांतल्या काहींत त्याच हातासाठी चहाचा कप अजून वेगळा ठेवलेला असतो, हेही इथे लिहून ठेवते.

बऱ्याच जणी मेडिकलमधून विचारून ट्यूब आणतात. चार दिवसांत खाज थांबते, कारण त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने तेच चोळलं तर कातडी आणखी पातळ होते. त्यापेक्षा काम संपल्यावर हात कोरडे करून साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावलेलं बरं. पण हे सांगताना मला संकोच वाटतो. बाईने आणखी एक काळजी घ्यावी, असं सांगणं फार सोपं असतं.

रेशनचं मात्र संकोच न करता सांगते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा गरिबाला ओळख मिळणार असं सांगितलं होतं. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, वहीत नोंद करून द्यायचं, अशा सूचना केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच काढल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८च्या निकालातही, ठसा जुळत नाही म्हणून कुणी हक्कापासून वंचित राहू नये, अशीच भूमिका आहे. या सूचनांची प्रत आपल्या पिशवीत हवी, आणि अर्जाचा विषय बदलायला हवा. आम्ही आता 'कामाने झिजलेल्या हातांबाबत' असं लिहितो. कारकून वर बघतो. बघू दे.

मावशींबरोबर दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. प्रत दाखवली, थोडी वादावादी झाली, वहीत नोंद झाली, माणशी पाच किलोप्रमाणे धान्य मिळालं. पुढच्या महिन्यात पुन्हा जावं लागलं.

सध्या गटात नव्या दरपत्रकावर चर्चा चालू आहे. पावडर कुठली वापरायची हे कामवालीने ठरवायचं आणि आतले-बाहेरचे दोन्ही मोजे मालकिणीने द्यायचे, अशी ओळ मी सुचवली. मावशींना ती पटली नाही. १९८०च्या पुण्यातल्या मोलकरणींच्या संपात रजेची मागणी होती, हे त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलंय. "मोजे राहू दे," त्या म्हणाल्या, "महिन्याला चार सुट्ट्या लिही. पगारी." यावर अजून एकमत झालेलं नाही.