अडीच लाखांचं पेट्रोल

हायब्रिड गाडी घ्यावी की घेऊ नये या विषयावर गेले दोन महिने आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलांच्या लग्नांच्या वेळीही झाली नव्हती. चिरंजीव हायब्रिडच्या बाजूचे. सूनबाई इलेक्ट्रिकच्या बाजूच्या. ही म्हणते, कुठलीही घ्या, मला धड चढता-उतरता आलं पाहिजे. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. पण साध्या गाडीपेक्षा वरचे जे अडीच लाख लागणार ते माझ्या मुदतठेवीतून घ्यायचे असं ठरत आलं, आणि मत असण्याचा हक्क मला आपोआप प्राप्त झाला!

चिरंजीवांना हे वेड लावलं माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने. तो वर्षानुवर्षं प्रियस चालवतो आणि दर फोनला तिचे गोडवे गातो. ही प्रियस जपानात १९९७ च्या डिसेंबरात आली, म्हणजे हायब्रिड काही कालची गोष्ट नव्हे. आपल्याकडेही होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड आणली होती, पण किंमत एकवीस लाखांच्या वर. तेव्हा ती बघायलासुद्धा आपल्यापैकी कोणी गेलं नसेल. मध्यमवर्गाने खरा विचार सुरू केला तो २०२२ नंतर, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्यावर.

हायब्रिड म्हणजे काय ते आधी थोडक्यात. (सवय जात नाही.) आपल्या जुन्या सायकलच्या डायनॅमोची आठवण करा. चाक फिरलं की दिवा लागायचा आणि पायडल जरा जड व्हायचं. या गाडीत ब्रेक लावला की मोटरच डायनॅमो बनते. एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती छोट्या बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा हलवताना वापरली जाते. त्या वेळी पेट्रोलचं इंजिन चक्क बंद असतं. बाहेरून चार्ज करायचं नाही, वायर नाही, प्लग नाही. कळीचा मुद्दा एवढाच, की कमाई ब्रेकवर आहे. जिथे ब्रेक जास्त, तिथे फायदा जास्त.

आता आमचं भौगोलिक स्थान बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आमच्या कळंबोलीतूनच सुरू होतो. एकदा गाडी त्यावर चढली की घाट सोडला तर ब्रेकला पाय लावायची फारशी वेळ येत नाही. म्हणजे हायब्रिड तिथे जवळजवळ साधी पेट्रोल गाडीच. उलट कळंबोली सर्कलला उभे राहा. जेएनपीटीचे कंटेनर, लोखंड बाजाराचे ट्रेलर, तळोज्याचे टँकर, आणि मधे अडकलेल्या मोटारी. तिथून सायन-पनवेल रस्त्याने रोज वाशी-मानखुर्दकडे जाणाऱ्याला हायब्रिड खरंच उपयोगाची. पण आमचे चिरंजीव मानसरोवर स्टेशनवरून लोकलने जातात. ते रोज जेवढं पेट्रोल वाचवतात तेवढं कुठलीही हायब्रिड वाचवू शकणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले फक्त.

मग मी वही घेऊन बसलो. सोय अशी, की ग्रँड व्हिटारा एकाच अंगाची पण तीन तऱ्हांची आली. कंपनीने जाहीर केलेला अ‍ॅव्हरेज साध्या पेट्रोलला लिटरमागे २१ किलोमीटरच्या आसपास, पूर्ण हायब्रिडला जवळजवळ २८, आणि सीएनजीला किलोमागे साडेसव्वीसच्या वर. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८० रुपये धरू. दहा हजार किलोमीटरला साध्या गाडीला साडेएकोणपन्नास हजारांचं पेट्रोल, हायब्रिडला सदतीस हजारांचं, आणि सीएनजी तीस हजारांचा. म्हणजे हायब्रिडने वाचवले साडेबारा हजारसुद्धा नाहीत. या दराने अडीच लाख वसूल व्हायला दोन लाख किलोमीटर! आमची गाडी वर्षाला फार तर सात हजार चालेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. दोन लाख किलोमीटर व्हायला लागतात अठ्ठावीस वर्षं. मी तेव्हा शंभरी ओलांडलेली असेन.

आणि शोरूममधला मुलगा जे सांगत नाही ते असं, की अडीच लाख बँकेत राहिले आणि सात टक्के मिळाले तर वर्षाला साडेसतरा हजार व्याज येतं. आमच्या सात हजार किलोमीटरवर हायब्रिडने वाचणारे पैसे होतात पावणेनऊ हजार. मग व्याज सोडून पेट्रोल वाचवायचं कशासाठी?

अर्थात हे गणित सगळ्यांचं नाही. गर्दीत साधी गाडी लिटरला १२ देते आणि हायब्रिड २० देते असं धरलं, तर दहा हजार किलोमीटरला साडेचौतीस हजार वाचतात. ज्याला कामासाठी रोज शहरात पन्नास किलोमीटर स्वतःच चालवावं लागतं, त्याचे पैसे पाच वर्षांत वसूल होतील. त्याने खुशाल घ्यावी. पण टॅक्सीवाले बघा, त्यांच्याइतका पैशाचा हिशेब कोणी करत नाही. आणि ते कुठे उभे असतात? सीएनजीच्या रांगेत.

सूनबाईंच्या इलेक्ट्रिकचं गणित त्याहून सरस आहे हे मला मान्य करावं लागलं. एका युनिटला साडेसहा किलोमीटर आणि युनिटला दहा रुपये धरले तर दहा हजार किलोमीटरला पंधरा हजार. शिवाय इलेक्ट्रिक मोटारींना महाराष्ट्रात २०२५ च्या ऑगस्टपासून द्रुतगती मार्गावर टोलमाफी मिळाली. त्या मार्गाचा मोटारीचा टोल २०२३ साली ३२० रुपये झाला होता, तर पुण्याला जाऊन येऊन ६४० वाचले. पण लावायची कुठे? आमच्यासारख्या सिडकोच्या जुन्या इमारतींत गाडी रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथे उभी राहते. कधी घरासमोर, कधी दोन गल्ल्या पलीकडे. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची की काय?

म्हणून मला वाटतं, हायब्रिड हा आपल्याकडे प्लग नसण्याचा दंड आहे. ज्याच्या बंगल्यात प्लग आहे तो इलेक्ट्रिक घेतो, पाच टक्के जीएसटी भरतो आणि टोलही वाचवतो. ज्याला प्लग नाही त्याने पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेतली तर तिच्यावर कर चाळीस टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी सेस धरून त्रेचाळीस होता.) उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तसं इथेही करावं असं चिरंजीव म्हणतात. मला ते पटत नाही. तोच पैसा जुन्या वसाहतींतल्या रस्त्यांवर चार्जिंगचे खांब उभारायला घाला ना! पंधरा-वीस लाखांच्या गाडीवाल्याला सवलत देण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र वहीत मांडता आली नाही. हिचं आठवड्यातून तीनदा कामोठ्याला डायलिसिस असतं. जाऊन येऊन सहा-सात किलोमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम हजार. पण परतताना ती इतकी थकलेली असते की रिक्षाचा प्रत्येक धक्का तिच्या चेहऱ्यावर दिसतो. चाचणीसाठी हायब्रिड घरी आली तेव्हा तिला मुद्दाम एक फेरी मारून आणली. गाडी आवाज न करता हलली, गिअरचा हिसका नाही. ही म्हणाली, "सुरू झाली कळलंच नाही हो." चिरंजीवांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मीही थोडा डळमळलो.

पण ती मुदतठेव आम्ही दोघांनी तिच्याच आजारासाठी राखून ठेवली आहे. मोडली तर दोन वर्षांनी एखाद्या मोठ्या खर्चाला हात कुठे पसरायचे? हिसका नको असेल तर साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीसुद्धा मिळते, तिला हायब्रिडच लागते असं नाही. सीएनजी आमच्यासाठी बाद, कारण हिची चाकाची खुर्ची डिकीत ठेवावी लागते आणि बऱ्याच गाड्यांत टाकी तिथेच बसवलेली असते. त्या हायब्रिडची बॅटरीही डिकीतली थोडी जागा खातेच.

तर सध्या साध्या ऑटोमॅटिकवर येऊन थांबलो आहोत. चिरंजीव दोन दिवस गप्प होते, काल त्यांनी स्वतःहूनच दुसऱ्या शोरूमचा पत्ता आणला. रविवारी मी टेप आणि खुर्ची दोन्ही घेऊन जाणार आहे.